अडीचशे रुपयांचा जॉब

मला पहिला जॉब मिळाला तेव्हा मी एफईला (इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला) होतो आणि तो मला अडीचशे रुपयांना पडला. ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय ते आत्ता गालात हसले असतील, बाकीच्यांसाठी सांगतो. पहिल्या वर्षाला वर्कशॉप असतं, त्यात लोखंडाचे दोन चपटे तुकडे हातात देतात. ते व्हाइसच्या पकडीत धरायचे, कानशीने घासायचे, काटकोनात आणायचे, एकाला व्ही काढायचा आणि दुसऱ्याचं टोक त्यात असं बसलं पाहिजे की उजेडाकडे धरलं तर मधल्या फटीतून काही दिसता कामा नये. या तुकड्याला जॉब म्हणतात. "तुझा जॉब झाला का रे" हा प्रश्न हॉस्टेलवर आम्ही एकमेकांना नोकरीच्या चार वर्षं आधीपासून विचारत होतो.

मी तीन प्रॅक्टिकल घासला. हाताला फोड आले. 50 मिलिमीटरची बाजू एका टोकाला 48 आणि दुसऱ्या टोकाला साडेएकोणपन्नास, म्हणजे ना चौकोन ना काही. मग कळलं की सोय आहे. कोणाकडे पैसे द्यायचे ते सीनियरने सांगितलं, दोन दिवसांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला चकचकीत जॉब आला. ज्याने तो घासला त्याला मी कधी पाहिलं नाही. त्यावर रोल नंबरचा पंच तेवढा मी मारला, तोही तिरका. 20 पैकी 18 मार्क. तो जॉब अजून आहे, गावाला, त्याचं शेवटी सांगतो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात आमच्या कंपनीत ट्रेनी घ्यायचे होते. मी चाकणला एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे, मेकॅनिकल, 2009 पासआउट, पुणे विद्यापीठ (तेव्हा नुसतं पुणे विद्यापीठच होतं, सावित्रीबाई फुल्यांचं नाव 2014 ला लागलं). एचआरने आम्हा पॅनेलवाल्यांना आधी एक प्रेझेंटेशन दाखवलं, त्यात दर दुसऱ्या स्लाइडवर एकच शब्द, इंडस्ट्री रेडी. पोरं इंडस्ट्री रेडी नसतात, कॉलेजं इंडस्ट्री रेडी पोरं देत नाहीत, आपल्याला इंडस्ट्री रेडी कँडिडेट हवेत. मी पण मान हलवत होतो. चहा पण चांगला होता.

पहिला मुलगा आला, नगर जिल्ह्यातला, म्हणजे माझ्याच भागातला. मी त्याला व्हर्नियरचा, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या साधनाचा, लीस्ट काउंट विचारला, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात छोटं माप. पॉइंट झिरो टू एमएम, सर. कसा काढतात? फॉर्म्युला घडाघडा. मग टेबलावरचा व्हर्नियर आणि एक बुश (आतून पोकळ गोल पार्ट) त्याच्याकडे सरकवला आणि म्हटलं, आतला व्यास सांग. त्याने व्हर्नियर असा धरला जसा आपण पाहुण्यांच्या घरी चांगल्यातला कप धरतो. आतला व्यास मोजायला वरचे छोटे जबडे असतात, हा खालच्याच जबड्यांनी बुशच्या तोंडाशी खटपट करत राहिला. रिझ्युमेवर इंटर्नशिप होती, चार आठवडे. मी विचारलं काय केलंस तिथे? तो थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि काय वाटलं त्याला कोणास ठाऊक, खरं बोलला. "सर, सर्टिफिकेट घेतलं. सगळेच घेतात."

किती रुपयांना, हे मी विचारलं नाही. पॅनेलवरच्या दुसऱ्या मॅनेजरने पेन खाली ठेवलं, म्हणजे संपलं. मला मात्र तो वर्तमानपत्राचा कागद आठवत होता.

आता प्रश्न जुनाच आहे, डिग्री नोकरीसाठी तयार करते का. सतरा वर्षं यावर मी कँटीनमध्ये, लग्नात, एसटीत, सगळीकडे एकच उत्तर देत आलोय की छे, काही नाही शिकवत कॉलेजात, सगळं कंपनीत शिकलो. हे उत्तर द्यायला सोपं जातं आणि ऐकणाऱ्यालाही आवडतं. पण अर्धवट खोटं आहे, आणि ते खोटं माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी पकडलं गेलं होतं.

झालं असं. 2008 च्या ऑगस्टमध्ये आमच्या कॉलेजला कॅम्पस झाला, एका सॉफ्टवेअर कंपनीने मेकॅनिकल, सिव्हिल, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स) सगळे खोऱ्याने ओढले. ॲप्टीट्यूड, ग्रुप डिस्कशन, थ्रूआउट फर्स्ट क्लास, झालं सिलेक्शन. गावात पेढे वाटले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत लेहमन ही मोठी बँक बुडाली आणि मंदी आली. आम्हाला कोणालाच लेहमन म्हणजे काय माहीत नव्हतं, माझ्या रूममेटला वाटलं कोणीतरी शास्त्रज्ञ गेला. जॉइनिंग आधी जूनचं होतं, मग डिसेंबरचं झालं, मग मेल यायचे बंद झाले. एज्युकेशन लोन चार लाखांच्या आतलं, कारण त्याच्या वर गेलं की तेव्हा जामीनदार नाहीतर तारण मागायचे. हप्ता सुरू व्हायची तारीख मात्र पुढे गेली नाही.

म्हणून भोसरीला एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागलो, साडेपाच हजार रुपये. तिथे एक सेटर, म्हणजे कामाआधी मशीन लावून देणारे, होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. औंधच्या आयटीआयचे, त्यानंतर पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीत अप्रेंटिसशिप केलेले, मशीनच्या आवाजावरून टूल घासलंय का सांगणारे. मी बीई म्हणून ते मला साहेब म्हणायचे आणि ते म्हणताना हलकंसं हसायचे.

तिसऱ्या आठवड्यात एका अमेरिकन कस्टमरचा ब्रॅकेट आला. मालकाने ड्रॉइंग माझ्या हातात दिलं, की तुम्ही इंजिनिअर, तुम्ही समजावून सांगा. मी सांगितलं. नवीन मुलाने ऑपरेशन लावलं, मामांची त्या दिवशी सुट्टी होती. चाळीस पीस झाले. दुसऱ्या दिवशी मामांनी एक पीस उचलला, ड्रॉइंग बघितलं, परत पीस बघितला आणि मला बाजूला घेऊन गेले, सगळ्यांसमोर बोलले नाहीत हा त्यांचा मोठेपणा. म्हणाले, "साहेब, कोपऱ्यातला शंकू बघितला का?"

टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत, एक छोटं चिन्ह असतं, कापलेला शंकू आणि दोन वर्तुळं. वर्तुळं कोणत्या बाजूला आहेत यावरून कळतं की ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये आहे का थर्ड अँगलमध्ये. आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात, अमेरिकेत थर्ड अँगल वापरतात. फर्स्ट अँगलमध्ये उजवीकडून बघितलेलं चित्र डावीकडे काढतात, थर्डमध्ये उजवीकडचं उजवीकडेच. मी थर्ड अँगलचं ड्रॉइंग फर्स्ट अँगल समजून वाचलं होतं. चाळीसच्या चाळीस ब्रॅकेटना भोक उलट्या बाजूला. सगळा माल भंगारात. मालक काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता गंमत बघा. फर्स्ट अँगल, थर्ड अँगल हे मला कॉलेजात शिकवलं नव्हतं का? शिकवलं होतं. एफईला, इंजिनिअरिंग ग्राफिक्स, सुरुवातीच्याच युनिटला, तो शंकू आणि ती दोन वर्तुळं फळ्यावर काढून. सिलॅबसमध्ये होतं, पुस्तकात होतं, परीक्षेत पण होतं. फक्त माझ्या डोक्यात नव्हतं, कारण मी सगळ्या शीट जीटी मारल्या होत्या. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच ठेवायची, खाली ट्यूबलाइट, एका हुशार मुलाची शीट खाली आणि आपली कोरी शीट वर. पहाटे तीनपर्यंत रेघेवर रेघ. आमच्या अख्ख्या विंगला एक काच होती, तिला नंबर लागायचे. आम्ही इतकं मन लावून जीटी मारायचो की तेवढ्या वेळात शीट स्वतः काढून झाली असती.

मग चूक कोणाची? माझी आहेच. पण एकट्या माझी म्हणावं तर त्या वर्षी आमच्या विंगमध्ये साठ जण होते आणि काच एकच असूनसुद्धा साठही शीट वेळेवर सबमिट झाल्या. सरांना माहीत होतं. सह्या करताना ते शीट बघत नव्हते, तारीख बघत होते, कारण त्यांनाही टर्मवर्कचे मार्क वेळेत भरायचे होते. सगळी यंत्रणा कागद पूर्ण झाला का ते बघत होती.

याला जुनी मुळं आहेत. मुंबई विद्यापीठ 1857 ला निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. आपण अजून मनाने तिथेच आहोत, विद्यापीठ म्हटलं की आपल्याला आधी रिझल्ट, मार्कलिस्ट, रिव्हॅल आणि खिडकीवरची रांग आठवते. आणि पंचवीसच वर्षांनी, 1882 ला, शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनसमोर जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं त्यात हेच आहे की मॅट्रिकच्या परीक्षेने मास्तर आणि पोरं दोघांनाही घेरलंय, आणि या शिक्षणातून कारकून आणि शाळामास्तर निघतील पण स्वतंत्रपणे जगायला उपयोगी पडेल असं त्यात काही नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एचआरची स्लाइड आठवून हसायला आलं. मग लक्षात आलं की दोन्हीत फरक आहे. फुले विचारत होते की शिकलेला माणूस स्वतःच्या पायावर कसा उभा राहील. स्लाइड विचारते की आमच्या लाइनवर सोमवारी सकाळी उभा राहील का.

आमचं कॉलेज विनाअनुदानित. 1983 ला वसंतदादांनी खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं आणि त्याला लोक काय काय बोलतात, शिक्षणसम्राट वगैरे. बोलायला जागा आहेच. पण ते दार उघडलं नसतं तर माझ्यासारखा 61 टक्केवाला पारनेरच्या बाजूचा पोरगा इंजिनिअर झालाच नसता हेही मला नाकारता येत नाही. त्यामुळे त्या विषयावर मी गप्प बसतो, घरचं जेवण असं असतं.

आणि त्याच कॉलेजात आम्हाला मेटलर्जीला (धातूशास्त्राला) एक सर होते. ॲडहॉकवर, पगार दोन-दोन महिने थकलेला, स्कूटरला पेट्रोल टाकताना पावशेर-अर्धा लिटर टाकायचे असं पोरं म्हणायची. दुपारी अडीचचं लेक्चर, मेसचं जेवण पोटात, पत्र्याखालचा वर्ग. हे सर आयर्न-कार्बन डायग्राम, म्हणजे किती कार्बन आणि किती तापमान असताना पोलादाचं काय होतं ते दाखवणारी आकृती, अशा प्रेमाने काढायचे जसा कोणी आपल्या गावचा नकाशा काढावा. एकदा त्यांनी अख्खा तास रिटेन्ड ऑस्टेनाइटवर घेतला, म्हणजे पोलाद तापवून एकदम थंड केलं तरी त्यातला ऑस्टेनाइट नावाचा काही भाग बदलायचा राहून जातो, तसाच मऊ. मागून कोणीतरी विचारलं, सर हे परीक्षेला येतं का? ते म्हणाले, "नाही बहुतेक." आम्ही वह्या मिटल्या.

2018 ला चाकणच्या कंपनीत एक पिनियन (छोटा गिअर) होता, 20एमएनसीआर5 या पोलादाचा, कार्बुरायझिंग करून, म्हणजे भट्टीत वरच्या थरात कार्बन मुरवून, तो थर कडक करायचा, हार्डनेस म्हणजे कडकपणा 58 एचआरसीच्या (हे त्याचं माप) वर पाहिजे. येत होती 55, 56. सगळ्यांचा एकच उपाय, कार्बन वाढवा, कार्बन वाढवला की कडकपणा वाढतो, हे तर शेंबड्या पोराला पण माहीत. वाढवला. हार्डनेस अजून खाली. हीट ट्रीटमेंटचा ऑपरेटर वीस वर्षांचा अनुभवी, त्याने भट्टी तपासली, तेल बदललं, हार्डनेस टेस्टर बदलून पाहिला. कस्टमरचा रोज फोन. तिसऱ्या रात्री मी कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून होतो आणि कसं काय कोणास ठाऊक, तो पत्र्याखालचा वर्ग डोळ्यासमोर आला. कार्बन एका हद्दीच्या वर गेला की ऑस्टेनाइट पूर्ण बदलायचं तापमान खोलीच्या तापमानाच्याही खाली जातं, म्हणून तो तसाच शिल्लक राहतो, आणि तो मऊ असतो. म्हणजे आम्ही जितका कार्बन घालतोय तितकं वाटोळं करतोय. सकाळी लॅबला कापून मायक्रोस्कोपखाली बघायला लावलं, तसंच निघालं. कार्बन पोटेन्शियल, म्हणजे भट्टीतलं कार्बनचं प्रमाण, खाली आणलं, पुढच्या बॅचला 59, 60.

त्या दिवशी मला जीएमने केबिनमध्ये बोलावून हात मिळवला. परीक्षेला न आलेला तो एक तास माझ्या सगळ्या डिग्रीचे पैसे वसूल करून गेला, पण नऊ वर्षांनी. सरांना फोन करावा म्हणून नंबर शोधला, कॉलेजवाल्यांनी सांगितलं ते कधीच सोडून गेले, कुठे गेले माहीत नाही. बॅचच्या ग्रुपवर टाकलं तर एकाने लिहिलं, कोण रे ते, स्कूटरवाले का?

तर माझं म्हणणं असं झालंय, आणि हे मी पॅनेलमध्ये बोललो तेव्हा कोणाला फारसं आवडलं नाही. मामांना जे येत होतं ते कॉलेजात शिकवता येत नाही, ते मशीनजवळ उभं राहून, दोन-चार पीस वाया घालवूनच येतं. सरांनी जे शिकवलं ते मशीनजवळ कधीच कळलं नसतं, कारण वीस वर्षं भट्टीजवळ उभ्या असलेल्या माणसाला ते दिसत नव्हतं. दोन्ही लागतं. भांडण खरं वेगळंच आहे, की वाया जाणाऱ्या त्या पीसचे पैसे कोण भरणार, नव्या पोराने काही न करता नुसतं बघत काढलेल्या सहा महिन्यांचा पगार कोण देणार. मामा शिकले तेव्हा ते कंपनीने दिले. 1961 चा अप्रेंटिस कायदा आहे, 1973 ला त्यात डिग्री-डिप्लोमावाले पण घेतले, कागदावर सगळं आहे. 2019 च्या नियमात पदवीधर अप्रेंटिसला कमीत कमी नऊ हजार ठरले, त्यातला अर्धा वाटा सरकारने उचलायचा. 2013 ला नीम नावाची योजना आली, शिकता शिकता कमवा, पुढे ती गुंडाळली पण. आमच्या भागात तिचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. नीम ट्रेनी म्हणजे स्वस्तातला ऑपरेटर. पहिल्या दिवसापासून मशीनवर, पहिल्या दिवसापासून तासाचं टार्गेट.

मी काही बाहेरून दगड मारत नाहीये. मॅनपॉवरची शीट मीच भरतो. तीन शिफ्टला किती डोकी लागतात त्यात शिकाऊ पोरं पूर्ण डोकं म्हणूनच मोजलेली असतात, बघत उभं राहणारं डोकं असा कॉलमच नाही. मागच्या वर्षी मी दोन जास्तीची माणसं मागितली होती फक्त शिकवण्यासाठी, कॉस्टिंगवाल्याने विचारलं याचं पेबॅक काय? मी काय सांगणार, नऊ वर्षं? गप्प बसलो. मग तेच काम आम्ही कॉलेजवर ढकलतो आणि नाव देतो इंडस्ट्री रेडी. कॉलेज ते पोरावर ढकलतं, इंटर्नशिप करून आणा म्हणतं. पोरगा कुठून आणणार, कंपनी तर त्याला गेटच्या आत घेत नाही, सिक्युरिटीवाला म्हणतो एचआरचा मेल दाखव. शेवटी तो सर्टिफिकेट विकत घेतो, आणि त्याचे पैसे त्याच्या बापाकडून जातात. म्हणजे बिल फिरून फिरून कुठे आलं बघा.

आमच्या बॅचचे लोक आता कुठे आहेत विचाराल तर काही पुण्यातच सॉफ्टवेअरमध्ये, दोन बँकेत, एक पीएसआय, एक जण सात वर्षं सदाशिव पेठेत एमपीएससीच्या अभ्यासिकेत काढून आता द्राक्षं करतो आणि आमच्यातला सगळ्यात सुखी तोच दिसतो, निदान पाऊस पडेपर्यंत. मेकॅनिकलमध्ये राहिलेले आम्ही हाताच्या बोटांवर.

त्या मुलाचं काय झालं तेही सांगतो. मी अडून बसलो. म्हटलं याला घ्या. कारण काय, तर खरं बोलला. दुसरा मॅनेजर म्हणाला, अहो खरं बोलण्याने व्हर्नियर धरता येत नाही. बरोबरच आहे. पण व्हर्नियर धरायला पाच मिनिटांत शिकवता येतं, मी तिथेच उठून दाखवलं, आणि दुसऱ्यांदा त्याने बुश बरोबर मोजला, हात थरथरत होता तरी. आता तो सेकंड शिफ्टला आहे. मशीनवरच आहे, टार्गेट आहेच, ते मला काढता आलं नाही. एवढंच केलंय की शिफ्ट सुटायच्या आधी अर्धा तास त्याला क्वालिटी रूममध्ये बसवतो, आणि शीटवर तो अर्धा तास क्लीनिंगमध्ये दाखवतो. परवा त्याने मला विचारलं, सर, ड्रॉइंगमध्ये कोपऱ्यात हा शंकू कशाला असतो? मी त्याला चहा पाजला.

आता तो जॉब. चार वर्षांनी हॉस्टेल सोडताना सामानात तो गावाला आला आणि माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तो टीव्हीशेजारी ठेवला, गणपतीच्या फोटोपुढे. कोणी पाहुणा आला की तो हातात द्यायचे, दोन तुकडे जोडून उजेडाकडे धरून दाखवायचे, बघा, कुठून उजेड येतोय का, पोराने हाताने घासलाय. सोळा-सतरा वर्षं हे चाललंय. मी कधी काही बोललो नाही. मागच्या दिवाळीला गेलो तेव्हा बॅगेत चुकून कंपनीचा व्हर्नियर राहिला होता. दुपारी सगळे झोपल्यावर मी तो जॉब खाली काढला, रोल नंबर अजून दिसत होता, आणि मोजला. चारही बाजू. 50.00, 50.02, 49.98, 50.00.

ज्याने कोणी घासला त्याचा हात फार चांगला होता.